परगावचे बेसबॉल सामने बघायला जाताना: वेळापत्रक, गाडी, पाऊस, पिशवी

सातपाच
पुढच्या मोसमात आमच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल संघाच्या, जायंट्सच्या, पाठोपाठ दोन फेऱ्या करायचा बेत आहे. एक जवळची: लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, फिनिक्स, डेन्व्हर यांपैकी दोन गावं. दुसरी पूर्व किनाऱ्यावरची, जमल्यास गाडी न चालवता. आम्ही दोघं, भारतातून येणारे आईबाबा आणि आठ वर्षांची मुलगी. वेळापत्रक कसं वाचायचं, तिकिटं कधी घ्यायची, पाऊस आला तर पैसे बुडतात का, खाण्याचं काय, हे सगळं एका जागी यावं म्हणून धागा काढला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानाबद्दल नको, ते पाठ आहे.

नववी_इनिंग
सुरुवात वेळापत्रकापासून करा, तिकिटांपासून नको. संघाचे १६२ सामने, त्यातले ८१ परगावी, आणि ते सुटे नसतात. एका गावात सलग तीन, कधी चार, क्वचित दोन. एका सामन्यासाठी पाच जणांचं विमान काढण्यापेक्षा त्याच भाड्यात अख्खी मालिका बघता येते.

२०२३ पासून प्रत्येक संघ बाकीच्या २९ संघांशी खेळतो. गटातल्या चौघांशी प्रत्येकी १३ सामने. म्हणजे डॉजर्स, पाद्रेस, डायमंडबॅक्स आणि रॉकीज यांच्या गावी (अनुक्रमे लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, फिनिक्स, डेन्व्हर) जायंट्स दर वर्षी सहा-सात सामने खेळतात, तेही दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत. जूनमध्ये जमलं नाही तर सप्टेंबर असतो. संघ दोन लीगांत विभागलेले आहेत, आणि दुसऱ्या लीगचं तसं नाही. तिथल्या बहुतेक संघांशी वर्षाला एकच मालिका, एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. बॉस्टनचं फेनवे किंवा न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम जायंट्सच्या वाट्याला वर्षाआड येतं. पूर्वेकडची फेरी त्या दुर्मीळ मालिकेभोवती बांधा. फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कचे मेट्स दर वर्षी आहेतच.

तारखा आदल्या उन्हाळ्यात जाहीर होतात, सामन्यांच्या वेळा मागाहून. मालिकेच्या शेवटच्या दिवसाला 'गेटअवे डे' म्हणतात. बहुधा बुधवार, गुरुवार किंवा रविवार, आणि सामना दुपारचा, कारण संघाला त्याच संध्याकाळी पुढच्या गावी उडायचं असतं. त्या दिवशी नेहमीचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) आणि एखादा बडा फलंदाज बाकावर असण्याची शक्यता जास्त. रात्री दहाला सामना संपवून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा नऊ इनिंग उकिडवं बसायला कोणी शहाणा मॅनेजर आपल्या कॅचरला लावत नाही. ठरावीक खेळाडूसाठी जात असाल तर पहिले दोन सामने घ्या.

पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) हिशेब असा: पाच जण आळीपाळीने सुरुवात करतात, तीन सामन्यांत पाचातले तीन दिसतात. आवडता पिचर रविवारी खेळला आणि मधे सुट्टी नसेल तर त्याची पाळी शुक्रवारी. मधे सुट्टीचा दिवस आला तर बहुधा शनिवार. अधिकृत नावं दोन-चार दिवस आधीच येतात, तोवर बोटांवर मोजायचं.

एडिसनकर
वरच्यात एक भर. रविवारचा सामना दुपारी १:३५ चा दिसतोय म्हणून रात्री आठचं विमान घेऊ नका. राष्ट्रीय वाहिनीने तो सामना उचलला तर तो पूर्वेकडच्या घड्याळाने संध्याकाळी सातच्या पुढे जातो, आणि हे काही आठवडे आधीच कळतं. डॉजर्स, यांकीज, रेड सॉक्स यांच्याविरुद्धचे रविवार यात पहिले जातात. सोमवार सकाळचं विमान घ्या, नाहीतर रविवार सोडून द्या.

खिडकीपाशी
पूर्व किनारा गाडीशिवाय आरामात होतो. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन ही पाचही शहरं ॲमट्रॅक रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया साधारण दीड तास, फिलाडेल्फिया ते बाल्टिमोर सव्वा तासाच्या आत, तिथून वॉशिंग्टन पाऊण तास. बॉस्टन-न्यूयॉर्क मात्र चार तास धरा. भाडं विमानासारखं चढतं, तेव्हा मालिका ठरली की लगेच काढा.

स्टेशनापासून मैदानापर्यंत:

बॉस्टनला साउथ स्टेशनपर्यंत जाऊ नका, आधीच्या बॅक बे स्टेशनवर उतरा. तिथून फेनवे पंचवीस-तीस मिनिटं चालत, किंवा वुस्टरकडे जाणाऱ्या लोकलने पुढचंच लॅन्सडाउन स्टेशन, जे मैदानाला खेटून आहे. ग्रीन लाइनने जाणार असाल तर केनमोर स्टेशन, आणि गाडी बी, सी किंवा डी. ई गाडी केनमोरला जात नाही. नवखी माणसं नेमकी तीच पकडतात आणि भलतीकडे उतरतात.

यांकी स्टेडियमला १६१ स्ट्रीट, गाड्या ४, बी आणि डी. बी शनिवार-रविवारी धावत नाही. मेट्सच्या सिटी फील्डला ७ नंबर, स्टेशनाच्या दारातच मैदान.

फिलाडेल्फियाच्या थर्टीएथ स्ट्रीट स्टेशनवर ब्रॉड स्ट्रीट लाइन नाही, आणि घोळ तिथेच होतो. आधी मार्केट स्ट्रीटखालची गाडी धरून फिफ्टीन्थ स्ट्रीटला या, तिथे बदलून ब्रॉड स्ट्रीट लाइनने दक्षिणेकडे शेवटच्या एनआरजी स्टेशनपर्यंत. पुढे दहा मिनिटं चाल. नव्या फलकांवर या दोन मार्गांची नावं नुसती 'एल' आणि 'बी' आहेत. हॉटेल मैदानाजवळ घेऊ नका, तिथे पार्किंगच्या पटांगणांशिवाय फारसं काही नाही. सिटी हॉलच्या आसपास राहा.

बाल्टिमोरला मार्क या लोकल रेल्वेची कॅम्डेन लाइन अगदी मैदानाशी येऊन थांबते. नकाशावर बघून मोह होतो, पण ती फक्त सोमवार ते शुक्रवार आहे आणि रात्रीच्या सामन्यानंतर तिच्या भरवशावर राहता येत नाही. पेन लाइन आठवडाभर आहे. पेन स्टेशनपासून कॅम्डेन यार्ड्स मैदान लाइट रेलने किंवा टॅक्सीने. वॉशिंग्टनला ग्रीन लाइन, नेव्ही यार्ड स्टेशन. इतकं सोपं दुसरं कुठलंच नाही.

काटकसरे
तिकिटं. घरच्या मैदानाची सवय घेऊन परगावी गेलात तर जास्त पैसे मोजाल.

मंगळवार-बुधवारचा साधा सामना असेल तर पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर भाव सामन्याच्या दिवशी दुपारनंतर घसरतात, कारण पहिला चेंडू पडला की विकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. शनिवारचा सामना, बॉबलहेड (डोकं हलणारी खेळाडूची बाहुली) वाटपाचा दिवस, डॉजर स्टेडियम, फेनवे इथे ही युक्ती चालत नाही, भाव उलट चढतो. तिथे क्लबकडून तिकीटविक्री उघडली की घ्या. शिवाय तुम्ही पाच जण. शेवटच्या तासाला दोन-दोन जागा मिळतात, सलग पाच नाही. तीन अधिक दोन अशी एकामागच्या रांगेत चालत असेल तरच थांबा.

मे २०२५ पासून अमेरिकेत जाहिरातीतल्या भावातच सक्तीचं सगळं शुल्क धरून दाखवावं लागतं. आता दोन संकेतस्थळांवरचे आकडे सरळ शेजारी ठेवून बघता येतात.

फुटबॉलसारखा पाहुण्यांचा वेगळा स्टँड बेसबॉलमध्ये नसतो. कुठेही बसा. पण आपला डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) समोर हवा की आपण त्याच्या वर बसायचं, हे ठरवून घ्या. पाहुण्यांचा डगआउट कुठल्या बाजूला हे दर मैदानाला वेगळं (फलंदाजामागून बघताना पहिला बेस उजवीकडे, तिसरा डावीकडे). डॉजर स्टेडियम आणि शिकागोच्या रिगलीवर यजमान तिसऱ्या बेसकडे, म्हणून पाहुणे पहिल्या बेसकडे. फेनवे, यांकी स्टेडियम, फिलाडेल्फिया इथे उलट, पाहुणे तिसऱ्या बेसकडे. सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्स तिसऱ्या बेसकडे बसतात म्हणून सगळीकडे तीच बाजू घेतली तर लॉस एंजेलिसला तुम्ही डॉजर्सच्या डोक्यावर बसाल.

फेनवेवर एक जास्तीची काळजी. १९१२ चं मैदान, ग्रँडस्टँडचं छप्पर लोखंडी खांबांवर उभं. खांबामागच्या जागेवर पिचर किंवा होम प्लेट (फलंदाजाची जागा) दोन्हींतलं एकच दिसतं. क्लबच्या तिकिटावर तसं छापलेलं असतं, पुनर्विक्रीत ती ओळ कधीकधी गळते. रांग आणि खुर्ची क्रमांक घालून त्या जागेवरून काढलेला फोटो शोधा. राइट फील्डच्या कोपऱ्यातल्या खुर्च्यांची तोंडं होम प्लेटकडे नाहीत, सेंटर फील्डकडे आहेत. तीन तास मान डावीकडे.

तिकीट फोनवरच. दाराशी हजारो लोक एकाच वेळी नेट वापरतात, तेव्हा हॉटेलवरच सगळी तिकिटं फोनच्या वॉलेटमध्ये टाका. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, बारकोड बदलता असेल तर तो दारावर चालत नाही.

उन्हातान्हात
जागा घेताना सूर्य बघा. नियमपुस्तकातच शिफारस आहे की होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे फलंदाजाच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येत नाही. त्याचा प्रेक्षकांसाठी अर्थ असा: उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तिसऱ्या बेसकडे आणि होम प्लेटमागे सावली आधी येते, पहिल्या बेसच्या पुढे आणि राइट फील्डला ऊन थेट तोंडावर. सगळी मैदानं तंतोतंत तशी नाहीत, पण बहुतेकांना हे लागू पडतं. आईबाबा बरोबर असतील तर दुपारच्या सामन्याला खालच्या मजल्यावरची मागची रांग घ्या, तिच्यावर वरच्या मजल्याचं छप्पर येतं. खालच्या मजल्यावरच्या इतर रांगांपेक्षा ती स्वस्तही पडते. वरच्या मजल्याच्या पायऱ्या मात्र उभ्या असतात, कठडे जेमतेम. तिथे घ्यायचंच असेल तर प्रवेशाच्या बोळापासून दोन-तीन रांगांत, कडेची खुर्ची.

डेन्व्हरला जाणार असाल तर: समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट. कूर्स फील्डच्या वरच्या मजल्यावर विसाव्या रांगेतल्या खुर्च्या जांभळ्या आहेत, बरोबर एक मैलाची खूण. फोटोला छान, पण चढताना धाप लागते. बीपीच्या गोळ्या असणाऱ्यांनी पहिल्या दिवशी खालीच बसावं आणि पाणी जास्त प्यावं. विमानतळावरून युनियन स्टेशनला ए लाइन, ३७ मिनिटं, पुढे चालत. एप्रिलमध्ये तिथे बर्फही पडतो, म्हणून जून-जुलै बरा. फिनिक्सला छप्पर आणि एसी आहे, बाहेर ४३ अंश असले तरी आत उन्हाचा त्रास नाही. ॲरिझोना घड्याळ पुढेमागे करत नाही, त्यामुळे मोसमभर कॅलिफोर्नियाचीच वेळ.

सातपाच
खूपच कामाचं. पावसाचं कुणीतरी नीट लिहा. रद्द झाला तर पैसे परत ना?

छत्री
नाही. परगावच्या प्रेक्षकाला सगळ्यात मोठा फटका इथेच बसतो.

सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालतं. गावातल्या माणसाला ते सोयीचं, तुम्ही तोवर तीन हजार मैलांवर घरी. पुनर्विक्रीची बहुतेक संकेतस्थळंही 'रद्द' झाला तरच पैसे देतात, 'पुढे ढकलला' याला देत नाहीत. तेव्हा हाती उरतं ते तिकीट नव्या तारखेसाठी विकणं. घोषणा झाली की लगेच यादीत टाका, आठवड्याने टाकलं तर निम्मेही येत नाहीत.

निर्णय कोणाचा? सामन्याआधी पंचांच्या हाती संघाची यादी पडेपर्यंत यजमान क्लबचा, त्यानंतर पंचांचा. पाच इनिंग झाल्या (यजमान पुढे असेल तर साडेचार) की सामना अधिकृत. त्यानंतर पावसाने थांबवला तर बहुधा तो संपला, तिकीटही संपलं. त्याआधी थांबला तर आता तो पुन्हा पहिल्यापासून खेळत नाहीत, जिथे थांबला तिथून पुढे चालवतात, आणि बरेचदा दुसऱ्याच दिवशी नेहमीच्या सामन्याआधी. आदल्या दिवशीचं तिकीट त्याला चालेल की नाही हे क्लब त्या वेळी सांगतो.

पाहुणा संघ त्या मोसमात पुन्हा त्या गावी येणार नसेल तर यजमान तासन् तास वाट बघतात. दोन-अडीच तास ताडपत्री अंथरलेली आणि रात्री साडेनऊला पहिला चेंडू, असं होतं. जायंट्सची पूर्वेकडची प्रत्येक मालिका याच प्रकारातली, त्यामुळे साडेसातला पाऊस बघून हॉटेलवर परतू नका. परतीची शेवटची लोकल किती वाजता, एवढं मात्र आधी बघून ठेवा. किंवा दुसऱ्या दिवशी दोन सामने लावतात. त्यात 'स्प्लिट' लिहिलं असेल तर दोन्हींना वेगळं तिकीट, मधे मैदान रिकामं करतात.

उपाय एकच: मालिकेच्या पहिल्या दोन दिवसांची तिकिटं घ्या, तिसरा दिवस मोकळा ठेवा, हॉटेल परतावा मिळणारं. पहिला बुडाला तर तिसऱ्याची तिकिटं ऐन वेळी मिळतात.

छप्पर असलेली मैदानं आठ: टोरोंटो, मिलवॉकी, ह्यूस्टन, आर्लिंग्टन, फिनिक्स, मायामी, सिॲटल आणि टॅम्पा बेचं ट्रॉपिकाना. शेवटच्याचं छप्पर ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळाने फाडलं होतं आणि २०२५ चा मोसम तिथल्या रेज संघाला दुसरीकडे काढावा लागला. नियोजनात एक तरी छपराचं गाव ठेवा.

शेवग्याची_शेंग
खाणं आणि पिशवी एकत्रच सांगते, कारण दारावर दोन्ही एकत्रच अडतात.

मऊ पिशवी १६ × १६ × ८ इंच, हे सर्वसाधारण माप. पण काही मैदानांवर फक्त पारदर्शक १२ × ६ × १२ चालते, काही ठिकाणी पाठीवरची सॅक अजिबात नाही. मापात बसते म्हणून सॅक घेऊन वॉशिंग्टनला गेलात तर परत फिरवतील. प्रत्येक मैदानाचं पान आदल्या रात्री बघा, नियम मोसमागणिक बदलतात.

बाहेरचं खाणं बऱ्याच मैदानांवर चालतं. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, डॉजर स्टेडियम इथे चालतं. पाणी सीलबंद प्लास्टिकच्या बाटलीत. आपली स्टीलची बाटली बहुतेक ठिकाणी दारातच ठेवावी लागते, आणि लोणच्याची काचेची बरणी कुठेच जात नाही. डब्याऐवजी पारदर्शक झिपच्या पिशव्या. पातळ काही नको: दशम्या, कोरडी चटणी, थालीपीठ फॉइलमध्ये, फोडणीचे शेंगदाणे. तपासणाऱ्याला एका नजरेत दिसलं की तो पुढे पाठवतो, फॉइलची सहा गुंडाळी एकावर एक ठेवली की तो उघडायला लावतो.

आत शाकाहारी म्हणजे फ्राइज, नाचोज, प्रेट्झेल, भाजलेले शेंगदाणे, बऱ्याच ठिकाणी व्हेजी डॉग. नाचोजमध्ये बीन्स असतील तर त्यात चरबी घातली आहे का विचारा. सिॲटलला 'चापुलिनेस' दिसलं तर ते मसाला लावलेले नाकतोडे आहेत, आईबाबांना आधीच सांगा. पैसे कार्डानेच, नोटा बहुतेक मैदानांवर घेत नाहीत. भारतातलं कार्ड चालतं, पण प्रत्येक खरेदीवर परकीय चलनाचं शुल्क लागतं.

नववी_इनिंग
मुलीसाठी एक खास गोष्ट, आणि ही पाहुण्यांच्याच फायद्याची आहे. सामन्याआधीचा फलंदाजीचा सराव यजमान आधी करतात, पाहुणे नंतर. ७:०५ च्या सामन्याला दारं साधारण दीड तास आधी उघडतात, तेव्हा यजमान आटोपून आत गेलेले असतात आणि पिंजऱ्यात आपलाच संघ असतो. पुढचा अर्धा-पाऊण तास बघायला मिळतो. दार उघडायच्या वीस मिनिटं आधी रांगेत राहा, सरळ आउटफिल्डच्या खालच्या रांगांत जा. डावखुरे फलंदाज मारायला आले की राइट फील्डला सरका, उजवे आले की लेफ्टला. ग्लव्ह असेल तरच चेंडूच्या रेषेत उभं राहा. मैदानावर चार-पाच चेंडू एकाच वेळी चालू असतात, फोनमध्ये डोकं घालून उभं राहायची ही जागा नाही. सह्या हव्या असतील तर पाहुण्यांच्या डगआउटच्या टोकाशी, फाउल लाइनच्या कठड्याला. खालच्या रांगांत तिकिटाविना किती वेळ थांबू देतात ते मैदानावर अवलंबून.

रात्रीच्या सामन्यानंतर दुपारचा सामना असेल तर मैदानावर सराव बहुधा नसतोच. ताडपत्री असेल तरी नाही.

काटकसरे
लॉस एंजेलिसला युनियन स्टेशनवरून डॉजर स्टेडियम एक्स्प्रेस बस आहे, सामन्याचं तिकीट दाखवलं की फुकट, सामन्याच्या दीड तास आधीपासून. म्हणजे सराव बघायचा असेल तर ती उपयोगाची नाही, जाताना टॅक्सी आणि येताना बस. सॅन डिएगो तिथून पॅसिफिक सर्फलाइनर रेल्वेने साधारण तीन तास, स्टेशनपासून पेटको पार्क मैदान मैलभर. ही दोन गावं लागून आली तर जवळची फेरी तीच.

एडिसनकर
जायंट्स टोरोंटोला जाणार असतील आणि तुम्ही त्यात शिरणार असाल तर कागद: एच-१बीवाल्यांना (नोकरीचा व्हिसा) आणि बी-२ वर (पाहुण्यांचा व्हिसा) आलेल्या आईबाबांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही हवं. अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का संपलेला असला तरी आय-९४ (मुक्कामाच्या मुदतीची नोंद) मुदतीत असेल तर ३० दिवसांच्या आत कॅनडातून परत येता येतं, अट ही की दरम्यान नव्या शिक्क्यासाठी अर्ज केलेला नसावा. एच-१बीवाल्यांनी आय-७९७ ची (मंजुरीच्या नोटिशीची) मूळ प्रत जवळ ठेवा, आणि विमान कंपनीच्या काउंटरवर हा नियम दाखवता येईल अशा तयारीत जा.

सातपाच
सर्वांचे आभार. पूर्वेची फेरी बॉस्टन-फिलाडेल्फिया अशी बसते आहे. शेवटचा प्रश्न: गेटअवे डेला हॉटेल सकाळी अकराला सोडायचं, सामना एकला, गाडी संध्याकाळी सहाला. पाच जणांच्या बॅगा कुठे?

खिडकीपाशी
मैदानावर नाहीच, बॅग ठेवून घेण्याची सोय धरून चालू नका. हॉटेलच ठेवून घेतं, चेकआउट करताना मागा आणि पावती घ्या. पण हॉटेल मैदान आणि स्टेशन यांच्या मधे असेल तरच जमतं. नसेल तर ॲमट्रॅकच्या मोठ्या स्टेशनांवर तिकीटवाल्यांच्या बॅगा शुल्क घेऊन ठेवतात, खिडकीच्या वेळा आधी बघा. पिच क्लॉक (पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा नियम) आल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांत आटपतो, म्हणजे पावणेचार. जास्तीच्या इनिंग झाल्या तर साडेचार. फिलाडेल्फियाच्या मैदानातून थर्टीएथ स्ट्रीटला गर्दीत पाऊण तास. सहाची गाडी मिळेल. पाचची घेऊ नका.